बेंदराच्या दुसऱ्या दिवशी

शेळीचा ताप कुठून मोजतात हे मला कामाच्या पहिल्याच दिवशी कळलं, आणि मी चांगली चार पावलं मागे सरले. डॉक्टर नलवड्यांनी थर्मामीटर माझ्या हातात दिला आणि शांतपणे म्हणाले, "शेपटी वर धरा, बाई." मी तोवर शेळीच्या तोंडाशी जाऊन उभी होते. गोठ्याच्या दारात बसलेल्या दोन म्हाताऱ्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. त्यांतली एक म्हणाली, "डॉक्टर, ही कुनाला आनलीसा? ही शेळीला जीभ दाखव म्हनाय लागलीया!"

मी पशुसखी. हा शब्द शहरातल्या वाचकांना नवा असेल, म्हणून सांगते. जनावरांचा डॉक्टर एक आणि त्याच्या हाताखाली गावं पुष्कळ. डॉक्टरांचा दिवस म्हशी आणि संकरित गायींतच संपतो. शेळीकडे कोण बघणार? आमच्याकडे शेळी बाईची असते. पुरुषाचा जीव उसात नाहीतर म्हशीत. म्हणून गावातलीच एक बाई निवडायची, तिला शिकवायचं आणि तिने डॉक्टरांच्या देखरेखीखाली शेळ्यांची रोजची कामं करायची. खुरं वाढली की कापायची. डोळ्याची पापणी उलटून बघायची. आतून लाल असली तर शेळी बरी. पांढरी पडली असली तर पोटातले जंत रक्त पीत आहेत असं समजायचं. मग जंताचं औषध पाजायचं, तेही तोंड फार वर न करता, नाहीतर ते फुप्फुसात जातं आणि औषधानंच शेळी दगावते. आणि वर्षातून ठरलेल्या वेळी लसी. त्यामुळे मला पाच-सहा गावांत नाव पडलं, सुईवाली बाई. मी गल्लीत शिरले की शेळ्यांच्या आधी पोरं पळायची.

मला शेळ्यांनी फारसे धक्के दिले नाहीत. शेळी लाथ मारते, चावते, ओंजळीतला कागद खाते, पण ती काय करणार हे दोन महिन्यांत कळतं. माणसांचं मात्र शेवटपर्यंत कळलं नाही. एका गावात रामूतात्यांच्या घरी जंताच्या औषधाची बाटली ठेवून आले होते. घरच्या शेळ्या रानातून यायच्या होत्या, आल्यावर सुनेने पाजायचं असं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी गेले तर बाटली रिकामी आणि शेळ्या कोरड्या. सुनेने आत बोट दाखवलं. शेवटी रामूतात्याच बाहेर आले. "शेळ्यांचं जंत जात्यात, मग मानसाचं का जानार न्हाईत? मी घेतलं." डॉक्टरांना फोन लावला. ते मुळात नगरकडचे, मऊ आवाजाचे, शेळीलासुद्धा अहो म्हणतील असे. ते फोनवर पहिल्यांदा ओरडले, "त्यांना आत्ताच्या आत्ता सरकारी दवाखान्यात न्या!" तात्यांना काही झालं नाही. उलट महिनाभर ते मला रस्त्यात अडवून विचारायचे, "बाई, परत कवा वाटप हाय?"

असे किस्से सांगायला बसले तर मी हसवत बसेन. पण मला सांगायचं आहे ते दुसरंच.

पावसाच्या तोंडाला आम्ही आंत्रविषाराची लस द्यायचो. पहिल्या पावसानंतर कोवळं गवत येतं, शेळी हावरटासारखी खाते, आणि आतड्यात विष तयार होतं. संध्याकाळी उड्या मारणारी शेळी सकाळी पाय ताणून पडलेली असते. औषधाला वेळच मिळत नाही. म्हणून आधी लस. बर्फाच्या पेटीत घालून ती गावोगाव न्यायची, आणि पहिल्या सुईनंतर काही आठवड्यांनी दुसरी सुई द्यायची, तेव्हा कुठे अंगात ताकद तयार होते. एवढं सगळं समजावून सांगितलं तरी लोकांच्या डोक्यात एकच राहतं. लस दिल्यानंतरच्या आठवड्यात शेळी विहिरीत पडून मेली तरी ती सुईनंच मेली.

कागलच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून एक गाव माझ्याकडे होतं. तिथे शांताक्काच्या शेळ्या सगळ्यांत देखण्या. काळ्याभोर, कानाला पांढरा ठिपका, एकीच्या पाठीवर एक जन्मलेल्या. तिने सुई कधी लावून घेतली नव्हती. "माझ्या जनावरास्नी भोकं पाडायची न्हाईत," एवढंच म्हणायची. आणि शांताक्का नाही म्हणाली की सगळी गल्ली नाही म्हणायची. मी तिच्याकडे चहा प्यायले, तिच्या शेळ्यांची खुरं कापली, पापण्या बघितल्या, एका अडलेल्या शेळीपाशी अख्खी दुपार बसले. लसीचा विषय काढला की ती उठून चुलीकडे जायची. त्या वर्षी मात्र पेटी बघून तीच म्हणाली, "टोच. तू सांगतीस म्हनून हं."

तिच्यामागून अर्ध्या गल्लीने शेळ्या आणल्या. मला आभाळ ठेंगणं झालं होतं. उरलेलं गाव बेंदूर झाल्यावर करायचं ठरलं.

शांताक्काच्या नवऱ्याला सगळे आप्पा म्हणायचे. आप्पांची बैलजोडी पंचक्रोशीत नावाजलेली. बेंदूर म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण, हद्दीकडच्या गावांत तो ज्येष्ठातच येतो. बैल धुवायचे, शिंगं रंगवायची, शिंगांत कडबोळी अडकवायची, पाठीवर झूल, आणि आधी बैलांना पोळी, मग माणसांना. शेतात ट्रॅक्टर आला, आप्पांचे गुडघे गेले, आणि जोडी विकावी लागली. तेव्हापासून ते रिकाम्या दावणीच्या खांबाला टेकून बसायचे. मी शेळ्या बघायला गेले की हात जोडायचे आणि परत खांबाकडे बघायचे. शांताक्का म्हणायची, "हिकडं बसल्यात, पन हिकडं न्हाईत."

बेंदराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी थापत होते. शांताक्काच्या शेजारणीचा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "बाई, तुझ्या सुईनं शांताक्काच्या शेळ्या मेल्या. ये बगाय."

तव्यावरची भाकरी करपली तरी मला कळलं नाही. डॉक्टरांना कळवलं, आणि नवऱ्याच्या गाडीवर बसून निघाले. रस्ताभर माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. पेटीत बर्फ होता का? होता. सुया उकळल्या होत्या का? होत्या. मग?

दारात सगळी गल्ली जमली होती. दगडू म्हणून एक दांडगा माणूस पुढे होता. बोलायला कधीच मागे न राहणारा. "या पावनं," तो मला म्हणाला. ओळखीच्या बाईला पावणं म्हणायचं, म्हणजे तिला परकं केलं, हे आमच्या भागात सगळ्यांना कळतं. "सन गोड केलासा की वो शांताक्काचा!"

मी गोठ्यात गेले आणि दाराला धरून उभी राहिले. तीन शेळ्या मेल्या होत्या, आणि त्यांची शिंगं रंगवलेली होती. लाल आणि हिरवी, टोकाला बेगड. गळ्यात झेंडूच्या माळा. फुलं अजून ताजी होती. बाकीच्या जिवंत होत्या, पण दात करकर वाजवत होत्या, तोंडाला फेस. एका गाभण पाटीच्या, म्हणजे तरण्या शेळीच्या, शिंगातल्या धाग्याला अर्धं कडबोळं लोंबत होतं. इतकी वर्षं मी मेलेली जनावरं पाहिली, पण नटवलेली मेलेली जनावरं मी त्याआधी पाहिली नव्हती, आणि देव करो, पुन्हा दिसू नयेत.

डॉक्टर आले ते कुणाशी न बोलता थेट गुडघ्यावर बसले. त्या पाटीच्या डाव्या कुशीवर त्यांनी मूठ दाबली. मूठ उचलली तरी खड्डा तसाच राहिला, भिजवलेल्या कणकेत राहतो तसा. त्यांनी वर बघितलं.

"काल काय खायला घातलं होतं?"

"वैरन," शांताक्का म्हणाली.

आप्पा खांबाला टेकून बसले होते. त्यांच्या बोटांना लाल रंग होता.

डॉक्टरांनी आधी जिवंत शेळ्यांकडे लक्ष दिलं. खायचा सोडा पाण्यात कालवून नळीने पोटात सोडला, इंजेक्शनं दिली. मग म्हणाले, मेलेली एक उघडून बघावी लागेल. गर्दीला पुढच्या अंगणात थांबवलं आणि घरामागच्या परड्यात, पेरूच्या झाडाखाली, आम्ही चौघंच राहिलो. डॉक्टर, मी, शांताक्का आणि काठी टेकत आलेले आप्पा.

शेळीचं पोट उघडलं आणि आंबलेल्या पिठाचा असा भपकारा आला की मी नाकाला पदर लावला. आत चारा जवळजवळ नव्हताच. गव्हाची भरड होती, फुगून दुप्पट झालेली. गूळ होता. आणि पोळ्यांचे तुकडे, पुरणासकट, ओळखू येतील असे.

खरं सांगते, मला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर, सुटले. माझी सुई सुटली, माझं नाव सुटलं. मी मान वर केली ती ते बोलायलाच. तेव्हा आप्पा दिसले. ते त्या उघड्या पोटाकडे बघत होते आणि त्यांचा खालचा ओठ हलत होता.

"जोडीला घालायचो तेवढंच घातलं की," ते म्हणाले. "एक घमेलं एकाम्होरं, एक दुसऱ्याम्होरं. बैलास्नी कधी काय झालं न्हवतं."

डॉक्टर त्यांच्या मऊ आवाजात सांगायला लागले. बैलाचं पोट केवढं, शेळीचं केवढं. रोज पाला खाणाऱ्या जनावराला एकदम धान्य आणि गोड मिळालं की पोटात आंबतं, ॲसिड होतं, रक्तात जातं. आप्पांनी ते ऐकलं असेल असं मला वाटत नाही. ते परत म्हणाले, "सनाचं कमी कसं घालायचं?" आणि काठी न घेताच आत निघून गेले.

आम्ही पुढच्या अंगणात आलो. डॉक्टर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "लसीने काहीही झालेलं नाही. गल्लीतल्या बाकीच्या टोचलेल्या शेळ्या ठणठणीत आहेत. पोटात धान्य जास्त गेलं."

"डॉक्टर आपल्याच मानसाची बाजू घेनार की," दगडू म्हणाला. मग शांताक्काकडे वळला. "आक्का, तू सांग. काय घातलंतं?"

शांताक्काने माझ्याकडे बघितलं. सरळ डोळ्यांत.

"रोजचीच वैरन," ती म्हणाली. "दुसरं काय न्हाय. शिंगं तेवढी रंगवली, सन म्हनून."

जिच्या अंगणात मी लेकीसारखी वावरले ती बाई, तिच्या शेळीला लागलेले माझे हात अजून धुतले नव्हते, आणि ती सगळ्या गावासमोर मला बुडवत होती. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी एक शब्द बोलले असते तर त्यांनी सगळ्यांना परड्यात नेऊन दाखवलं असतं. पण दाराच्या आत, अंधारात, मला आप्पांचं धोतर दिसत होतं. उरलेल्या गावासाठी डॉक्टरांनी आणलेली लसीची पेटी भरलेली होती तशीच परत गेली.

जिवंत राहिलेल्यांपैकी ती गाभण पाटी तेवढी हाताला लागेल असं दिसत होतं. तिला सोडा पाजायला आणि नळी घालायला मी रोज जायचे. गल्लीतून जाताना बायका दारं लावायच्या. एक दिवस शेळीचं डोकं दोघींच्या मध्ये धरून आम्ही बसलो होतो, आणि माझा बांध फुटला.

"आक्का, मी तुझं काय वाईट केलंतं गं? माझ्यावर का ढकललंस?"

ती शेळीच्या कानामागे खाजवायला लागली. मग म्हणाली, "जोडी गेल्यापास्नं त्येनी त्या दिवशी पयल्यांदा हासलं. सकाळी उठून शेळ्या धुतल्या. मला म्हनलं, शांते, यंदा आपला बी बेंदूर. आता जेवत न्हाईत, झोपत न्हाईत. त्यात गावाला कळलं तर? पारावर बसू देतील व्हय? म्हाताऱ्यानं पोळ्या चारून शेळ्या मारल्या, म्हनून मरस्तवर हासतील." आणि मग, अगदी हळू, "तुजं नाव काय, आज गेलं, उद्या ईल. माजा मानूस गेला तर कुठनं आनू?"

येताना रस्त्याने मी तिला ज्या शिव्या दिल्या त्या दिवाळी अंकात छापता येणार नाहीत. राग आला होता, आणि तिचं बरोबर आहे असंही वाटत होतं, त्याचा वेगळा राग.

तेवढ्यात पाऊस लागला. बांधांवर हिरवं दिसायला लागलं. पलीकडच्या गावातून शेळ्या मरायला लागल्याची बातमी आली, या वेळी खरोखरच आंत्रविषारानं. शांताक्काच्या गावात बहुतेक शेळ्यांना लस नव्हती, आणि ज्यांना होती त्यांची दुसरी सुई राहिली होती. डॉक्टर म्हणाले, "बाई, आता खरं सांगावं लागेल. एका माणसाच्या लाजेसाठी गावाची जनावरं घालवायची नाहीत." ते चुकीचं बोलत नव्हते.

देवळापुढे टेबल मांडलं. स्पीकरवरून पुकारलं. माणसं आली, पारावर बसली, शेळ्या मात्र कुणी आणल्या नाहीत. दगडू मध्यभागी. "आमी बगाय आलोय, यंदा कुनाच्या मारतासा ते," तो म्हणाला आणि सगळे हसले. डॉक्टरांनी घसा साफ केला. तेवढ्यात मला गर्दीच्या कडेला आप्पा दिसले. घटनेनंतर पहिल्यांदाच घराबाहेर आले होते. हातात दोरी, आणि दोरीला ती वाचलेली पाटी. शिंगांवरचा लाल रंग अर्धा उडाला होता. मागे शांताक्का, तोंडाला पदर लावलेली.

मी डॉक्टरांच्या आधी उभी राहिले. काय बोलणार हे मलाही माहीत नव्हतं.

"दगडूदादा म्हणत्यात ते खरं हाय," मी म्हणाले. "ती लस खराब निघाली. पेटी तापली हुती. माझी चूक झाली. ती सगळी परत पाठवली. ही नवी हाय."

सरकारी कामातल्या कुणी चुकलो म्हटलेलं त्या गावाने ऐकलंच नव्हतं बहुतेक. डॉक्टरांचं तोंड उघडं राहिलं. आणि दगडू? त्याने मांडीवर थाप मारली. "बगा! मी म्हनलं न्हवतं?" आपलं खरं ठरल्याच्या आनंदात तो उठला आणि शेळ्या आणायला घराकडे गेला. त्याच्यामागून दोघं-तिघं उठले.

त्या खोट्याबद्दल डॉक्टर मला नंतर दवाखान्यात जे बोलले ते रास्तच होतं. चांगल्या लसीला मी भर गावात खराब म्हटलं होतं. त्याचं फळ मी शेवटपर्यंत भोगलं. गुडघ्यांनी काम थांबवायला लावलं तोवर, दर वर्षी, त्या गावात पेटी उघडली की कुणीतरी विचारायचंच, "बाई, जुनी का नवी?" आणि मला नवी म्हणावं लागायचं. माझ्या कामात मला ज्या गोष्टीचा अभिमान होता तिलाच मी हाताने डाग लावला, आणि तो पुसता आला नाही. परत तशी वेळ आली तर काय करीन, हे मला आजही सांगता येत नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी पहिल्यांदा टेबलापाशी आले ते आप्पा. त्यांनी पाटीला माझ्यापुढे उभं केलं, वाकले, आणि मला एकटीला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात विचारलं, "बाई, लस तीच हाय न्हवं?"

"तीच हाय, आप्पा."

"मग टोच."

त्यांनी पाटीची मान काखेत धरली. बैल धरणारे हात ते, शेळी जागची हलली नाही. मी सुई टोचली. आप्पांनी टोचल्या जागी अंगठ्याने चोळलं, कंबर सरळ केली, आणि मागे अजून चुळबुळत उभ्या असलेल्या माणसांकडे वळून मोठ्याने हाक दिली, "आना रं तुमची. काय व्हत न्हाय."